मधाचं पहिलं बोट

जिंतूरच्या बसस्थानकासमोर, जिथे आता मोबाइलची कव्हरं माळांनी लोंबतात, तिथे बसलिंगअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. परवा एका लग्नाला जिंतूरला गेलो, सवयीने तिकडे पाहिलं, आणि त्या गुलाबी-निळ्या माळा बघून मला उगीचच दुकानातल्या पोराचा राग आला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? जागा भाड्याने घेतली, खपेल ते विकतोय. पण मी दारात उभा राहून नाक वर करून वास घेत होतो, आणि तो "काय पाहिजे काका?" म्हणाला तेव्हा मला सांगता येईना, की मला कल्हईच्या नवसागराचा धूर पाहिजे, आणि त्या धुरात खोकत कुणावर तरी ओरडणारे अप्पा पाहिजेत.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही, सगळे कंट्रोलर म्हणतात. खिडकीत बसायचं, गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि 'परभणी कवा हाय?' या प्रश्नाला दिवसभर तोंड द्यायचं. या नोकरीने दुसरं काही दिलं नसेल, पण माणूस सामानावरून ओळखायला शिकवलं. चेहरा खोटं बोलतो, गाठोडं बोलत नाही. माहेराहून परतणाऱ्या बाईची पिशवी टम्म असते, तालुक्याला खेटे घालणाऱ्याची घडी करून काखेत. अप्पांच्या बाबतीत मात्र हे शास्त्र तोकडं पडलं, कारण अप्पा कधी गाडीत बसतच नसत. त्यांच्याकडे दुरुस्तीला येणारं सामान तेवढं टपावरून एकटं यायचं.

पहिल्यांदा आलं ते चारठाण्याच्या गाडीवरून. गंजकं पिंप, खाली तीन पाय, वर आडवी पट्टी, पट्टीवर दातेरी चाकं आणि एक वाकडा दांडा. स्थानकातल्या रिकामटेकड्यांची लगेच सभा भरली. कुणी म्हणालं लोणी काढायचं, कुणी म्हणालं आइस्क्रीमचं. तेवढ्यात समोरून एक बुटके गृहस्थ तरातरा रस्ता ओलांडून आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि डावी भुवई अर्धीच. उरलेली भट्टीने घेतलेली. कुणाशी न बोलता त्यांनी आख्खं डोकं त्या पिंपात घातलं.

"काय हाय हो अप्पा हे?" मी विचारलं.

"मधाचं मशीन," आतून आवाज घुमला.

"आन तुमी आत काय बघायलात?"

"बघत न्हाई, इचारायलोय." डोकं बाहेर आलं, विभूतीवर गंज चढला होता. "भांड्याला इचारावं लागतंय, बाबा, तू कुटं कुटं जाऊन आलास? ते सांगतंय. मान्सावानी लपवत न्हाई."

सामानावरून माणूस ओळखणाऱ्याला हे वाक्य पटायला वेळ लागला नाही. तेव्हापासून आमची जमली.

ते यंत्र असं असतं. पेटीतल्या माश्या लाकडी चौकटीत पोळं बांधतात. त्या चौकटी पिंपातल्या जाळीत उभ्या करायच्या आणि दांडा फिरवायचा. चौकटी गरगरतात, मध उडून भिंतीला लागतो आणि ओघळत तळाच्या तोटीतून बाहेर येतो. पोळं शाबूत राहतं, माश्यांना परत देता येतं. एके काळी आमच्या भागात या धंद्याची हवा आली होती. शिबिरं झाली, पेट्या आल्या, यंत्रं आली. मग हवा ओसरली आणि यंत्रं माळ्यावर गेली. कुणी त्यात ज्वारी भरली, कुणी कोंबडी खुडूक बसवली. अलीकडे लोकांना परत मधाची आठवण झाली, तशी ती यंत्रं खाली उतरून अप्पांच्या दाराशी यायला लागली. सोनपेठहून यायची, गंगाखेडहून यायची.

अप्पा आधी यंत्र पार सुटं करत. जुन्या पत्र्यावर जस्ताचा थर असायचा. मध जिभेला गोड, पण अंगचा आंबट. जस्ताला खातो आणि जस्त पोटात आणतो. असा पत्रा ते काढून टाकत, आत स्टीलचं नवं पिंप बसवत आणि पाय, पट्टी, चाकं मात्र जुनी ठेवत, कारण जुन्या चाकांचे दाते दणकट. तांब्या-पितळेचं असलं तर कल्हई. सांध्यांचा जुना डाख वितळवून काढायचा, त्यात शिसं असतं. त्या जागी शुद्ध कथील. चाकांना लोकांनी ट्रॅक्टरचं ग्रीस चोपडलेलं असायचं, त्याचा काळा थेंब थेट मधात. ते सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुऊन अप्पा तिथे मेण आणि करडईचं तेल एकत्र करून लावत. "खाली पडलं तर खाता यावं, असंच वर लावावं," म्हणत.

खरं तर दुकानदाराच्या घरातल्या माणसाने गल्ल्यावर बसायचं, भट्टीवर नव्हे. अप्पांनी तरुणपणी हैदराबादच्या एका म्हाताऱ्या कल्हईगराच्या हाताखाली हे शिकून घेतलं, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. अप्पा ते अभिमानाने सांगत. अभिमान हा त्यांच्याकडे चिकार होता. नम्रतेचा आणि त्यांचा दूरचाही संबंध नव्हता. आपण कल्हई केलेल्या पातेल्यात ते स्वतःचं तोंड बघत आणि "काय दिसायलाय!" म्हणत, ते पातेल्याला की तोंडाला, हे कळायचं नाही.

वासाचा त्यांना नादच होता. माझ्या खिडकीत चहा आला की आधी कपाचा वास, मग चहाचा, मग चहावाल्याला शिव्या. लग्नात अक्षता पडायच्या आत हे आचाऱ्याच्या मागे, पातेल्यात डोकं. एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा समजून आचारी त्यांच्या पाया पडला, यांनी आशीर्वाद दिला आणि वर सांगितलं, "कढईची कडा घासली न्हाई तुमी."

यंत्र तयार झालं की अप्पांचा एक रिवाज असे. रात्रभर त्यात चिंचेचं पाणी ठेवायचं. सकाळी पाण्यात काही उतरलंय का म्हणून रंग बघायचा, वास घ्यायचा. मग यंत्र धुऊन, कोरडं करून त्यात थोडा मध फिरवायचा आणि तोटीतून वाटीत घ्यायचा. एवढं झालं की दुकानातच पाटावर बसायचं. त्यांच्याकडे कुठलाही घास आधी गळ्यातल्या लिंगाला दाखवायचा, मगच तोंडात. तसं मधाचं बोट आधी लिंगाला, मग जिभेवर. डोळे मिटलेले. गिऱ्हाईक समोर उभं. ते बोट चाटून झालं की डोळे उघडून म्हणत, "घिऊन जा. देवानं खाल्लाय."

मी एकदा चेष्टा केली. म्हटलं, "अप्पा, लोक मधाचं बोट दुसऱ्याला लावतात, तुमी सोताला लावून घेता."

"दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात जानार हाय ते," अप्पा म्हणाले. "माज्या तोंडात न्हाई गेलं तर काय खरं त्याचं? आन माज्या तोंडाआदी त्याच्या." त्यांनी डबीवर हात ठेवला. "त्याला इख दाखवू का मी?"

सोनपेठकडच्या एका शेतकऱ्याची गोष्ट तर स्थानकात बरेच दिवस चालली. त्याने आपलं यंत्र स्वतःच 'नवं' करून आणलं होतं, अप्पांनी नुसतं बघून द्यावं म्हणून. पोळा नुकताच झाला होता. बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग त्याने यंत्राला दिला होता. बाहेरून हिरवा, आतून चकचकीत लाल. दांड्याला गोंडासुद्धा बांधला होता. गडी हौशी आणि खुशीत. अप्पांनी आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मला वाटलं, गेले.

"आतून कामून रंगवलं?" अखेर आवाज आला.

"गंज व्हता अप्पा. म्हनलं, लपंल."

"मंग आता बैल बी आना. त्येची शिंगं घालू मधात."

सगळं स्थानक हसलं, तो शेतकरीही हसला. अप्पांनी रंग खरवडून काढला, गंजका पत्रा बदलला, बोट चाटलं आणि यंत्र दिलं. देताना गोंडा मात्र परत बांधून दिला. म्हणाले, "सनाची हौस हाय, ती बाहीरून असू द्यावी."

पण सगळीच यंत्रं बरी होत नसत. गंगाखेडकडून एकजण मोठं, देखणं यंत्र घेऊन आला होता. अप्पांनी आत डोकं घातलं आणि लगेच काढलं. चेहरा बदललेला.

"ह्येच्यात फवारा कालवला व्हता का?"

तो माणूस आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, एका हंगामात, कापसासाठी. ड्रम रिकामाच होता, पाणी भरपूर मावायचं. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत कुठलंही रिकामं भांडं फवाऱ्याला लावतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. "धुऊन घेतलं की अप्पा. चांगलं घासलं. इतकी वर्सं झाली."

"ह्येला इलाज न्हाई," अप्पा म्हणाले. आत गेले, छिन्नी-हातोडा आणला, आणि तो माणूस "अहो, अहो" म्हणेपर्यंत तळाला भोक पाडलं. तो चांगलाच तापला. हातघाईवर येणार, म्हणून मी मध्ये पडलो. अप्पा जागचे हलले नाहीत. "इखाच्या भांड्याला बूड ठिवू न्हाई," एवढंच म्हणाले. "आज तुमाला ठावं हाय. उद्या तुमच्या नातवाला ठावं असंल का?"

हे वाक्य मी पुढे बरेचदा ऐकलं. त्या बाबतीत अप्पा कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. कुणी रडलं, कुणी ओळख सांगितली, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

आता महानंदाकाकूंबद्दल सांगायला पाहिजे. त्या अप्पांच्या मंडळी. मी जिंतूरला आलो त्याच्या पहिल्या काही वर्षांत त्या होत्या, मग आजाराने गेल्या. खरा मध त्यांचा. त्यांच्या वडिलांनी तांब्याचं पिंप घडवून घेऊन एक यंत्र बनवलं होतं, ते त्या सासरी घेऊन आल्या. आणि त्या यंत्राची कल्हई करता करताच अप्पांना मधाच्या यंत्रांची गोडी लागली होती. गावाकडच्या शेतात, करडई आणि सूर्यफुलाच्या कडेला काकूंच्या पेट्या असायच्या. मध निघायचा तेव्हा अप्पा सगळी तयारी करत, पण दांड्याला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. "तुमचा हात जड हाय," काकू म्हणायच्या. "दांडा हळू धरावा लागतोय. पोळं तुटतंय तुमच्यानं." आणि खरंच, लग्नाच्या पहिल्याच वर्षी अप्पांनी जोर लावून सगळी पोळी मोडून ठेवली होती. जिंतूरच्या बाजारात कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस हे सांगताना लाजायचा. "आमच्या घरात मशीन माजं, दांडा तिचा," म्हणायचा.

काकू गेल्यावर पेट्या मोडल्या. यंत्र शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या कोठ्यात राहिलं. शेत पुतण्या बघायचा. अप्पा तिकडे फिरकत नसत. का, ते मी विचारलं नाही, मला कळत होतं.

मग चारठाण्याच्या पलीकडे दिलेल्या त्यांच्या मुलीने, उमाने, मधपेट्या घेतल्या. फोनवर म्हणाली, "अप्पा, आईचं मशीन द्या. पयला मध त्याच्यातूनच काढायचाय." त्या दिवशी अप्पांनी रस्ता ओलांडून मला ही बातमी दिली, चहावाल्याला दिली, एका अनोळखी कंडक्टरलाही दिली. वास न घेता चहा प्यायलेले अप्पा मी त्या एकाच दिवशी पाहिले.

पुतण्याने यंत्र गाडीच्या टपावर टाकून पाठवलं. उमा माहेरी आलीच होती. हमालाने ते उतरवलं. तांबं काळंहिरवं पडलेलं, पण घाट तोच, आणि दांड्याची लाकडी मूठ काकूंच्या हाताने झिजून मधोमध बारीक झालेली. अप्पांनी आधी ती मूठ धरली. मग आत डोकं घातलं.

ते बाहेर आले तेव्हा मला विचारावं लागलं नाही. तो चेहरा मी गंगाखेडवाल्याच्या वेळी बघितला होता.

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "एकदाच काका. पिलास्टिकचा ड्रम फुटला व्हता. मला काय ठावं, तुमाला पुन्हा लागंल म्हनून." त्याच्यावर ओरडावं तर अप्पांनी इतक्या वर्षांत ते यंत्र स्वतः मागितलंच नव्हतं. ते ओरडले नाहीत. फोन ठेवला, यंत्र उचलून आत नेलं आणि भट्टी पेटवली.

पुढचे दिवस अप्पांनी दुसरं काम घेतलं नाही. राखेने घासलं, चिंचेने घासलं, सोड्यात उकळलं. तांबं गुलाबी निघालं. मग तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं. इतकी सुंदर कल्हई मी त्यांच्या हातची पाहिली नव्हती. बाजारात कुजबुज सुरू झालीच. लोकाच्या भांड्याला छिन्नी, आणि घरचं आलं की कल्हई? मला त्या कुजबुजीचा राग यायचा, कारण मनात मीही तेच म्हणत होतो. आणि त्याच वेळी मनापासून वाटत होतं, की होऊ दे, एकदा नियम मोडू दे या माणसाला. कुणाचं काय जातंय.

चिंचेचं पाणी झालं. रंग बदलला नाही. सकाळी मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. उमा होती. अप्पांनी मध फिरवला, वाटीत घेतला, पाटावर बसले. डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. दुसऱ्या हाताचं बोट मधात बुडवलं.

बोट तिथेच राहिलं.

"अप्पा, वास येतोय का?" उमाने विचारलं.

"वास न्हाई."

"मंग?"

"तळाला जोड हाय. पत्र्यावर पत्रा दुमडलाय तुज्या आज्यानं. त्याच्या आत काय ऱ्हायलंय ते मला दिसंना." त्यांनी तळहातावरच्या लिंगाकडे बघितलं. "जे मला दिसंना, ते त्याला कसं दाखवू?"

"आगीत जळालं असंल की समदं," मी म्हणालो. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"जळालं बी असंल, कंट्रोलर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गंगाखेडच्या मान्साला मी असं म्हनलो व्हतो का?"

त्यांनी बोट पुसलं, डबी बंद केली आणि छिन्नी आणली. उमा मध्ये आली. "अप्पा, नका. मध नको काढू आपुन त्याच्यात. नुसतं घरात ठिवू. आईचं म्हनून. शोभेला."

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज एवढा हळू असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "शोभेचं भांडं, बाई, कवा ना कवा चुलीवर जातंयच. तू बी असनार न्हाईस तवा, मी बी न्हाई. कोन सांगंल त्या लेकरांला?"

नव्या कल्हईवर छिन्नी ठेवली. पहिला घाव चुकला. इतक्या वर्षांत त्यांचा घाव चुकलेला मी बघितला नव्हता. दुसरा बसला. उमा रडत होती, अप्पा रडत नव्हते, आणि मी माझ्या गाडीची वेळ झाली म्हणून बाहेर पडलो; गाडीला अजून अवकाश होता.

उमासाठी त्यांनी नवं यंत्र केलं, पिंप स्टीलचं, जाळी नवी, चाकं नवी. जुन्यातलं एकच घेतलं, दांड्याची लाकडी मूठ. ती बाहेर वरच्या अंगाला, तिला विष शिवलेलं नव्हतं, मधाशीही तिचा संबंध नाही. येणारी प्रत्येक वस्तू खरवडून नवी करणाऱ्या अप्पांनी ती मूठ मात्र खरवडली नाही. नुसती ओल्या फडक्याने पुसली आणि तशीच, झिजलेली, नव्या दांड्यावर बसवली. मग बोट चाटायचा रिवाज झाला. "देवानं खाल्लाय," अप्पा म्हणाले, पण नेहमीसारखं ओरडून नव्हे.

त्यानंतर काही दिवसांनी उमाकडचा पहिला मध निघणार होता, आणि अप्पा स्वतः गाडीत बसून निघाले. यंत्र टपावर टाकू देईनात. कंडक्टरने हुज्जत घातली, मी खिडकीतून हात केला, मग त्याने जाऊ दिलं. त्याच महिन्यात मी निवृत्त होऊन सोनपेठला गेलो, आणि थंडी सरता सरता अप्पा गेल्याचं कळलं. त्यामुळे मला शेवटचे दिसलेले अप्पा ते त्या गाडीतले.

चारठाण्याची गाडी लागलेली होती. कडेच्या सीटवर अप्पा, मांडीवर ते चकचकीत यंत्र, एका हाताने कवटाळलेलं. त्यांना वाटत होतं कुणी बघत नाही. दुसरा हात हळूच मुठीवर गेला. जिथे लाकूड झिजून बारीक झालं होतं तिथे बोटं बसवून त्यांनी दांडा फिरवायला सुरुवात केली. रिकामं यंत्र, आत एकही चौकट नाही. तरी किती हळू फिरवत होते. मध्येच थांबायचे, काहीतरी विचारल्यासारखं शेजारच्या मोकळ्या सीटकडे बघायचे, आणि पुन्हा, अजून हळू.

गाडीची वेळ झाली होती. मी थोडा वेळ शिट्टी मारलीच नाही.